पलीकडचा सत्कार

नांदगिरीच्या नगरपरिषदेसमोरचा रस्ता चौपदरी झाला, तेव्हापासून पलीकडच्या शाळेत पोर पोहोचवायचं म्हणजे देवाला नवस बोलूनच निघायचं. गेल्या महिन्यात दोन म्हाताऱ्यांचे पाय मोडले. म्हणून नारळ विकणाऱ्या गजराबाई गुरव सिग्नल मागायला गेल्या. नगराध्यक्ष ढमढेरे खुर्चीत रेलून म्हणाले, "सिग्नल कशाला? रस्ता एक नंबर आहे. लोकांनाच चालता येत नाही!"

"असेल बाई," गजराबाई म्हणाल्या. "मग साहेब, उद्या पाच वाजता तुम्हीच ओलांडून दाखवा. आम्ही पलीकडे शाल-नारळ घेऊन उभे राहतो. जो रस्ता ओलांडून येईल, त्याचा सत्कार!"

सत्काराचं नाव काढल्यावर साहेब पावणेपाचलाच कडक इस्त्रीत रस्त्याच्या कडेला हजर. पलीकडे हार, माइक आणि अख्खं गाव. मध्ये ट्रकांची रांग. साहेबांनी तीनदा पाऊल पुढे टाकलं आणि चारदा मागे घेतलं. शेवटी गाडी मागवली. ती पार पुलापर्यंत जाऊन, वळसा घालून, अर्ध्या तासाने पलीकडे पोहोचली. साहेब उतरले आणि हारासाठी मान वाकवून उभे राहिले.

गजराबाईंनी त्यांना वळसा घातला आणि हार ड्रायव्हर मुलाणींच्या गळ्यात घातला.

"अहो, सत्कार माझा आहे!"

"रस्ता यांनी ओलांडला, साहेब. तुम्ही नुसते बसून आलात." गजराबाईंनी माइक जवळ ओढला. "तुमचंच खरं निघालं बघा. काही लोकांना खरंच चालता येत नाही."