शब्दाची आई हजर करा!

“चोर! तिघेही चोर!” राजा ओसमुंड भर मेजवानीत गरजला. दही वाढणाऱ्या थोरा नावाच्या पोरीचा हात जागच्या जागी थांबला.

थंड उत्तरेच्या त्या राज्यात जुन्या काळी ‘येणे’ला ‘कोमा’ म्हणत. त्या दिवशी पाहुणे आलेले तीन व्यापारी तीन मुलखांतले. त्यालाच इंग्लंडचा म्हणे ‘कुमन’, जर्मन म्हणे ‘क्वेमन’ आणि गॉथ जमातीचा म्हणे ‘किमन’. झालं! आपलाच शब्द यांनी पळवला आणि ओळखू येऊ नये म्हणून वेडावाकडा केला, असं राजाच्या डोक्यात बसलं.

दरबारचा दुभाषी केतिल म्हणजे थोराचा बाप. तो हात जोडून म्हणाला, “महाराज, चोरी कसली? हे चारही शब्द एकाच आईची लेकरं.”

“असं? मग उद्या दुपारपर्यंत ती आई इथे हजर कर! नाहीतर होडीत बसवून तुला हद्दपार करतो!”

केतिलची रवानगी कोठडीत झाली. बापाशिवाय थोराला होतं कोण? पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती चार वाडगी दही घेऊन दरबारात उभी! राजवाड्यातलं, लोहाराकडचं, कोळ्याकडचं आणि स्वतःच्या घरचं.

“महाराज, डोळे बांधून चाखा आणि आपलं दही ओळखा.”

“हात्तिच्या!” राजाने चारही चाखली. “हे माझं! असा राजेशाही आंबटपणा दुसऱ्या कुणाकडे असणार?”

“ते कोळ्याचं, महाराज.”

दरबाऱ्यांना एकदम खोकला आला.

“म्हणजे त्याने माझं विरजण चोरलं!”

“छे! चारही घरांनी विरजण नेलं ते माझ्या पणजीच्या गाडग्यातून. घरोघरचं दूध निराळं, चूल निराळी, म्हणून चव जराजराशी बदलली.”

“कशावरून एकाच गाडग्यातलं?”

“तुम्हालासुद्धा आपलं ओळखता आलं नाही, यावरून!”

राजा चरफडला. “मग आण ते पणजीचं दही!”

“ते खाऊन तीन पिढ्या झाल्या, महाराज! तुम्ही ते खाल्लेलं दही हजर करा, की बाबा लगेच शब्दाची आई हजर करतील!”

राजा असा खदाखदा हसला, की मिशीवरचं दही प्रधानाच्या अंगावर उडालं.

“सोडा रे तिच्या बापाला! आणि पोरी, गोठ्यातल्या दोन दुभत्या गाई घेऊन जा!”