भाऊसाहेबांचा फ्लेक्स

“फोटो सगळ्यांचे सारखे पाहिजेत! टेप लावली तर सुताचाही फरक निघता कामा नये. पण मोठा मीच दिसलो पाहिजे!”

बाजार समितीचे सभापती भाऊसाहेब जगदाळे यांनी टेबलावर असा हात आपटला, की सुगंधा लोहारचा माउस उडाला आणि वायरीला लोंबकळायला लागला.

“हे कसं जमायचं भाऊसाहेब?” सुगंधानं माउस वर ओढत विचारलं.

“ते तू बघ. डीटीपीचं दुकान तुझं का माझं?”

परवा समितीच्या नव्या शीतगृहाचं उद्घाटन होतं आणि फाटकावर फ्लेक्स लागायचा होता. गेल्या वर्षीच्या फ्लेक्सवर भाऊसाहेबांचा फोटो दोन बोटं मोठा निघाला, तर बाराही संचालक सहा महिने बैठकीला फिरकले नाहीत. म्हणून यंदा समानता! पण लहान दिसणं भाऊसाहेबांच्या रक्तातच नव्हतं, त्याला ते तरी काय करणार?

“आणि माझं नाव सगळ्यांच्या खाली, शेवटी,” ते म्हणाले. “अक्षर तेवढंच, रंग तोच. मी किती नम्र हाय ते लोकांना कळू दे. मात्र गाडीवरून भरधाव जाणाऱ्यानंबी पहिलं माझंच नाव वाचलं पाहिजे!”

शेजारी उभा असलेला त्यांचा भाचा विराज गालातल्या गालात हसला. “मामा, फ्लेक्स माझ्या मित्राच्या मशीनवरच छापायचा हं, शहरात. आणि ही बाई त्याच्या कॉम्प्युटरवर एक मराठी फॉन्टसुद्धा टाकणार नाही!”

ते मशीन सुगंधाला ठाऊक होतं. त्याला मराठीचा म येत नव्हता. गेल्या वर्षी विराजच्या वाढदिवसाचा फ्लेक्स तिथंच छापला होता. ‘हार्दिक शुभेच्छा’च्या जागी डॉलर, कंस आणि टिंबं उमटली होती, आणि हा पठ्ठ्या त्याच फ्लेक्सखाली हार घालून उभा राहिला होता.

“उद्या संध्याकाळपर्यंत फ्लेक्स लागला तर लागला,” भाऊसाहेब उठले. “नाहीतर समितीचा हा गाळा खाली कर. करार संपलाच हाय. विराजला मोबाइलचं दुकान टाकायचंय.”

दोघे गेले. अकरा वर्षं सुगंधा त्या गाळ्यात बसत होती. तालुक्यातली निम्मी लग्नं तिच्याच पत्रिकांवर लागली होती. तिला रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता. तिनं पदर खोचला आणि कॉम्प्युटर चालू केला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चार वाजता फ्लेक्स फाटकावर चढला. बारा संचालक टेप घेऊनच आले होते! एकानं शिडीवर चढून तेराही चौकटी मोजल्या आणि वरूनच ओरडला, “दीड फूट! सगळ्या दीड फूट!” संचालकांचे चेहरे खुलले.

भाऊसाहेबांचा मात्र उतरला. “म्हणजे मी मोठा न्हाईच?”

“जरा मागं या, रस्त्यापर्यंत,” सुगंधा म्हणाली. “आता बघा.”

भाऊसाहेबांनी पाहिलं आणि त्यांचे डोळे विस्फारले. संचालक आपापल्या चौकटीत गुडघ्यापासून फेट्यापर्यंत उभे होते. भाऊसाहेबांच्या चौकटीत फक्त चेहरा होता आणि मिशा दोन्ही काठांना टेकल्या होत्या.

“चौकट सगळ्यांना सारखीच दिलीय,” सुगंधा म्हणाली. “बाकीच्यांचा फोटो गुडघ्याशी कापला, तुमचा गळ्याशी. मोठेपणा तुमचा, कात्री माझी!”

“आणि नाव?”

तेवढ्यात एक मोटारसायकलवाला फाटकावरून गेला आणि जाता जाता फ्लेक्सकडे बघून ओरडला, “जगदाळे भाऊसाहेब, रामराम!”

“वाचलं की त्यानं!” भाऊसाहेब चकित झाले. “पण अक्षर तर तेवढंच दिसतंय!”

“तेवढंच आहे. बारा नावं खेटून बसवली आणि तुमच्या नावाभोवती हातभर जागा मोकळी सोडली. जत्रेत कोण कुठं आहे ते कळत नाही हो, पण माळावर एकटा माणूस उभा असला की लांबून दिसतो.”

“पण... पण मराठी आलंच कसं?” विराज पुढं घुसला. “त्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरच नाही! मी स्वतः बघून आलोय!”

“मी तरी अक्षरं कुठं पाठवली?” सुगंधा हसली. “सगळा मजकूर कर्व्ह करून टाकला. म्हणजे अक्षराचं झालं चित्र. आणि चित्र छापायला मशीनला मराठी कशाला यायला पाहिजे?”

भाऊसाहेब खदखदून हसले. “शाब्बास पोरी! गाळा तुझाच. चल, कराराचं लिहून देतो.”

“लिहायचा त्रास कशाला?” सुगंधानं पिशवीतून छापील कागद काढला. “दहा वर्षांचा करार तयार आहे. तुमची फक्त सही पाहिजे.”

“मामा, दहा नको!” विराज कळवळला. “दहाचं एक करायला सांगा हिला!”

“आता कसं करणार?” सुगंधानं हात वर केले. “हेही कर्व्ह करून ठेवलंय. चित्रातलं अक्षर बदलता येत नाही!”

“मूळ फाइल असेल की!”

“आहे ना! कर्व्ह करण्याआधी मूळ फाइल मी नेहमी वेगळी ठेवते. पण ती आहे माझ्या गाळ्यात, आणि सही होऊन गाळा माझाच राहिला तरच मी तो उघडणार!”

भाऊसाहेब इतके हसले की त्यांना फाटकाचा आधार घ्यावा लागला. “विराज,” ते डोळे पुशीत म्हणाले, “पाठ वाकव, कागद ठेवायला जागा पाहिजे.”

आणि भाच्याच्या पाठीवर कागद ठेवून त्यांनी सही ठोकली!