बुवांचं फिरणं

“म्हणजे गाणं ऐकायचं, आणि थांबायचं नाही?” बुवांनी विचारलं.

“थांबायचं नाही,” शार्दूल म्हणाला.

“ऐकतच चालायचं?”

“तेच तर आहे बुवा. गाणं पायांना ओढत नेतं. आपण चाललोय हे कळतसुद्धा नाही.”

भूपालबुवांनी हातातला हेडफोन उलटसुलट करून पाहिला. नवख्या शिष्यानं बाजारातून स्वतःच तंबोरा निवडून आणावा आणि गुरूनं तो पाहावा, तसा.

“अजब आहे,” ते म्हणाले.

श्रावणात बुवांच्या छातीत कळ आली होती. मिरजेला नेलं, ऑपरेशन झालं, बुवा बचावले. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, औषधांइतकंच चालणं महत्त्वाचं. रोज चाला, आणि जरा झपाट्यानं चाला.

बुवा कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जात आणि परत येत. “झालं चालून,” म्हणत आणि झोपाळ्यावर बसत.

त्यांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, समजावलं. रागावून पाहिलं. एक दिवस जेवल्या नाहीत. बुवांवर कशाचाच परिणाम होईना.

“अगं, बसून गायचा धंदा माझा,” ते म्हणायचे. “माझे पाय मांडी घालण्यापुरते.”

शेवटी काकूंनी शार्दूलला साकडं घातलं.

शार्दूल मगदूम हा बुवांचा सगळ्यात तयारीचा शिष्य. तिशीतला, उंच, सडसडीत. इचलकरंजीला राहायचा आणि मोटारसायकलवरून कुरुंदवाडला शिकायला यायचा. गळा असा फिरायचा की ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारावेत. त्याच्या गाण्याचे तुकडे लोक मोबाइलवर एकमेकांना पाठवत. रोज पहाटे तो मैदानावर पळायचा, कानात गाणी लावून.

पुण्यातल्या एका मोठ्या संगीत महोत्सवात त्याला यंदा बोलावणं आलं होतं. गुरूची परवानगी घ्यायची म्हणून त्यानं बुवांना विचारलं होतं. बुवा म्हणाले होते, “बघू.”

त्यानंतरही त्यानं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा “बघू.”

शार्दूलला ते लागलं होतं. बुवा आता थकले, त्यांना नवं काही रुचत नाही, असं त्यानं मनाशी ठरवूनही टाकलं होतं. पण त्यांच्यावर जीव होता. काकूंना तो म्हणाला, “काळजी करू नका. मी चालवून दाखवतो त्यांना.”

पहिल्या दिवशी त्यानं ढोलताशाचं गाणं लावून दिलं. मुडद्यालाही उठून नाचावंसं वाटेल असं.

बुवा निघाले. गिरणी ओलांडली आणि उभे राहिले.

“काय झालं?”

“ताशेवाला मागं पडतोय.”

“पडू दे की, बुवा!”

“असा कसा पडू दे? धडपडतोय बिचारा…” आणि बुवा रस्त्याच्या कडेला उभं राहून त्या न दिसणाऱ्या ताशेवाल्याला हातानं मात्रा दाखवत राहिले. गाणं संपलं तेव्हा घाम पुसून म्हणाले, “आला शेवटी समेवर. चल, घरी जाऊ.”

दुसऱ्या दिवशी एक जुनं भावगीत.

मारुतीच्या देवळापाशी बुवा पारावर टेकले. डोळे मिटलेले.

“बुवा, चालायचंय.”

“अंतरा चाललाय.”

“अंतरा चालताना नाही का ऐकता येत?”

“तू पळत पळत जेवतोस?”

शार्दूलनंही मग पारावरच बसकण मारली.

तिसऱ्या दिवशी त्यानं हुकमी पान काढलं. बुवांच्या गुरूंचं, कुठल्याशा जुन्या मैफलीतलं, खरखर असलेलं गाणं त्यानं खटपट करून मिळवलं होतं. हे कानात घातलं की म्हातारा वाऱ्यासारखा सुटेल, अशी त्याची खात्री.

पहिला सा लागला आणि बुवांनी पायातल्या वहाणा काढल्या. भर रस्त्यात. हात जोडून उभे राहिले.

मागून उसाचा ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, मग बुवांना ओळखलं आणि इंजिन बंद केलं. शार्दूल एकदा त्याच्याकडे पाही, एकदा बुवांकडे. बुवांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

चालणं त्या दिवशी शून्य.

घरी येताना शार्दूल वैतागला. “सगळं जग गाणी लावून चालतं, बुवा! बागेत जाऊन बघा. म्हातारे, तरणे, सगळे. त्यांना बरं जमतं!”

बुवांनी थोडा विचार केला.

“ऐकत नसतील,” ते म्हणाले.

चौथ्या दिवशी शार्दूलनं स्वतःचंच गाणं लावलं.

बुवांना चालवायचं हे कारण होतंच, पण मनात दुसरंही काही होतं. सांगलीच्या मैफलीतला हा तोडी. त्या दिवशी टाळ्या थांबत नव्हत्या. बुवा आजारी असल्यामुळे आले नव्हते. त्यांनी एकदा तो ऐकावा, आणि मग म्हणावं “बघू”!

बुवांनी हेडफोन चढवला.

आणि चालू लागले.

गिरणी मागं पडली. मारुतीचं देऊळ मागं पडलं. बुवा थांबेनात. उलट पाऊल उचलत गेले. हातातली काठी टेकायचीही विसरले. शार्दूलला त्यांच्याबरोबर राहायला लांब टांगा टाकाव्या लागल्या. नदीच्या घाटापर्यंत गेले, तसेच वळले, तसेच परत आले.

काकू दारातच उभ्या होत्या. बुवांच्या कपाळावरचा घाम पाहून त्यांचे डोळे भरून आले.

“तुझ्या गाण्यात जादू आहे रे बाबा,” त्या शार्दूलला म्हणाल्या, आणि आत जाऊन त्याच्यासाठी शिऱ्याला रवा भाजायला घेतला.

मग रोज तेच. थंडी वाढत गेली, बुवांचं चालणंही वाढत गेलं. कानात शार्दूलचं गाणं, कधी तोडी, कधी ललत, आणि बुवा झपाझप घाटाकडं. चहाच्या टपरीवर शार्दूल सांगायचा, “कुणाच्या गाण्यानं हलले नाहीत. माझ्या गाण्यानं पळायला लागले.” लोक हसायचे. त्यालाही बरं वाटायचं.

डॉक्टरांनी तपासलं आणि खूष झाले. असंच चालू ठेवा म्हणाले.

त्या संध्याकाळी शार्दूलनं पुन्हा विषय काढला. “मग बुवा, पुण्याचं?”

“बघू.”

शार्दूल मोटारसायकल काढून निघाला. डोकं तापलं होतं. आता आणखी काय करायचं राहिलं? रोज माझंच गाणं ऐकतात, एक शब्द बोलत नाहीत…

गावाबाहेर पडल्यावर, उसाच्या फडांमधल्या रस्त्यावर, त्याला ते एकदम उमगलं.

त्यानं गाडी कडेला घेतली.

ताशेवाल्यासाठी बुवा थांबले होते. अंतऱ्यासाठी बसले होते. गुरूंसाठी तर वहाणा काढल्या होत्या.

माझ्यासाठी एकदाही नाही.

ऊस सळसळत होता. आपले कान गरम झालेत हे त्याला कळत होतं.

सकाळी तो आला तो बोलायचं ठरवूनच. पण घरात काकू होत्या. त्यानं घाट येऊ दिला. बुवा नेहमीसारखे वळणार, तेवढ्यात तो आडवा आला.

“बुवा, माझं गाणं तुम्ही ऐकत नाही ना?”

बुवांनी हेडफोन गळ्यात उतरवला. “काय म्हणालास?”

“माझं गाणं. ऐकत नाही तुम्ही.”

“सूर न् सूर ऐकतो.”

“मग एकदाही थांबला नाहीत ते? एकदाही नाही, बुवा! इतकं वाईट आहे?”

“वाईट असतं तर गिरणीवरनंच परत फिरलो असतो.”

“मग काय आहे?”

नदीवर धुकं होतं. पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी पाण्यात घालत होतं.

“तुझी लेक केवढी झाली रे?” बुवांनी विचारलं.

शार्दूलला काही कळेना. “दीड वर्षाची.”

“चालते?”

“चालते कसली. पळतच सुटते.”

“मग तू काय करतोस?”

“काय करणार? सगळी कामं टाकून मागं धावतो. कुठं पडेल, कुठं…”

तो थांबला.

बुवांनी हेडफोन कानांवर चढवला, सारखा केला आणि झपाझप चालू लागले.

शार्दूल घाटावर तसाच उभा. आधी राग आला. मग राग कुठं गेला ते कळलं नाही. छातीवर टाक्यांचे वण घेऊन तो म्हातारा इतके दिवस, एवढ्या थंडीत, त्याच्या ताना-पलट्यांमागं जीव मुठीत धरून धावत होता. आताही चालला होता. आता कुठली तान असेल, हे शार्दूलला नेमकं ठाऊक होतं. सांगलीला टाळ्या पडल्या होत्या ती.

त्यानं पळत जाऊन बुवांना गाठलं.

“द्या तो इकडं.”

“का? डॉक्टर रागावतील.”

“चालायचंच आहे. गाणं मी म्हणतो.”

बुवांनी हेडफोन काढून त्याच्या हातात दिला.

शार्दूलनं सा लावला. चालता चालता गायचं, हे त्याला वाटलं होतं त्यापेक्षा फार अवघड निघालं. श्वास पायांकडं जायचा. आणि त्याची सवय पुढं जाण्याची. पाहता पाहता तो चार पावलं पुढं निघून जायचा, सूर बुवांपर्यंत पोचायचा नाही, मग थांबायला लागायचं आणि थांबलं की गाणं तुटायचं. बुवा आपल्या चालीनं येत राहायचे.

हळूहळू त्यानं पाऊल आवरलं. पाऊल आवरलं तसा श्वास पुरायला लागला. श्वास पुरायला लागला तसा, ज्या स्वरावरून तो आजवर उडी मारून जात होता, त्यावर राहता यायला लागलं. कधी एखाद्या सकाळी नुसता गंधारच घेऊन ते दोघं देवळापासून घाटापर्यंत जायचे. गावातली पोरं मागून नक्कल करत. दूधवाला सायकलवरून उतरून बरोबर चालायचा.

“हल्ली फार उशीर करता,” काकू कुरकुरायच्या. “पोहे गार होतात.”

पुण्याचा विषय शार्दूलनं पुन्हा काढला नाही. बुवांनीही नाही.

महोत्सवाचा दिवस आला. शार्दूलनं आयोजकांना नकार कळवला नव्हता. त्यांनी पाठवलेली गाडी सकाळीच येऊन बुवांच्या दारात उभी राहिली. ड्रायव्हर घड्याळ पाहत होता. शार्दूल नव्या झब्ब्यात, पण पायांत रोजच्याच चपला.

“आधी फिरून येऊ, बुवा.”

“चल.”

त्या दिवशी त्यानं तोडी घेतला. अगदी हळू, बोलल्यासारखा. सांगलीची कुठलीच जागा त्यात आली नाही. त्यालाही आठवली नाही. ऊन नुकतंच घाटाच्या पायऱ्यांवर उतरत होतं. बुवा शेवटच्या पायरीवर बसले आणि पाय पाण्याकडं सोडले.

शार्दूल गायचा थांबला. “दमलात?”

“नाही.”

“छातीत काही होतंय का?”

“नाही रे बाबा.”

शार्दूल त्यांच्या शेजारी उकिडवा बसला. मनात घोळत असलेलं त्यानं एका दमात बोलून टाकलं.

“बुवा, गाडी आलीय. पण तुम्ही नको म्हणालात तर मी ती परत पाठवतो. त्यांना फोन करून सांगतो. अगदी खरं सांगतो, वाईट वाटणार नाही मला. इथं येत राहीन रोज.”

बुवा नदीकडं बघत होते.

पाण्यावरून एक बगळा गेला. बुवांनी शार्दूलच्या पाठीवर हात ठेवला. तो तसाच राहू दिला. हात वजनदार होता.

शार्दूलनं वाट पाहिली. मग तो उठला, बुवांना उठवायला हात पुढं केला.

“चला. काकू वाट बघत असतील. तुम्हाला घरी सोडतो, मग काय ते ठरवू.”

बुवांनी तो हात धरला नाही. उन्हात डोळे बारीक केले.

“मला सोडायला कशाला हवंस? येतं मला चालत,” ते म्हणाले. “मी बसतो जरा. तू हो पुढं.”