डाव्या हाताकडची जागा

एकदा एक जलतरणपटू पाण्याला भ्याला. आचारी चुलीला भ्याला असं कुणी सांगितलं तर आपण हसू, तसंच याही गोष्टीला हसू येणं साहजिक आहे. पण जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीच्या दिवशी, परदेशातल्या एका उंच इमारतीतल्या खोलीत, हा पोहणारा पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसला होता आणि त्याला हात धुवायलाही नळ सोडवत नव्हता. शंभर मीटर बटरफ्लायच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या जगातल्या आठ जणांपैकी तो एक होता. संध्याकाळी त्याला पाण्यात उतरायचं होतं, आणि आदल्या संध्याकाळी उपांत्य फेरीत त्या पाण्यात त्याच्या शेजारी कोणीतरी होतं.

काय घडलं ते कळण्यासाठी आधी त्याच्या गावाकडे वळलं पाहिजे. गाव कृष्णाकाठचं. तिथल्या घाटावर एका वृद्ध वस्तादाने तीन पिढ्यांना पोहायला शिकवलं. हा जलतरणपटू त्याचाच शिष्य. शिष्याची गोष्ट सांगताना शिष्याचं आणि वस्तादाचं नाव मी सांगणार नाही, तशी रीत नाही. नाव सांगतो ते फक्त गेलेल्याचं. दौलत हा वस्तादाचा एकुलता मुलगा, शिष्याचा जोडीदार. रोज पहाटे घाटावरची पोरं पैलतीरावर जात. जाताना ज्याला जसं जमेल तसं जायचं, पण परतताना काठावर रांग धरायची आणि सगळ्यांनी बरोबरीने यायचं, असा तिथला नियम. त्या रांगेत दौलत नेहमी शिष्याच्या डाव्या हाताला असे.

एका पुरात पलीकडे अडकलेली म्हैस सोडवायला दौलत गेला. गेला तो नीट गेला, म्हैसही सोडवली. परतताना मात्र पाण्याने त्याला ठेवून घेतलं.

त्या घाटाचा एक जुना रिवाज आहे. नदी ज्याला नेते त्याची रांगेतली जागा कोणी घ्यायची नाही, एका माणसाएवढं अंतर मोकळं सोडून पोहायचं. त्या जागेत हात गेला तर गेलेला माणूस मनगट धरतो, असं म्हातारे सांगतात. वस्तादाने मुलाच्या तेराव्यानंतर स्वतः काठावर उभं राहून ती जागा सोडायला लावली. तेव्हापासून शिष्याच्या डाव्या बाजूला नुसतं पाणी होतं. वस्ताद मात्र त्या दिवसापासून नदीत उतरला नाही. शेवटच्या कोरड्या पायरीवरून तो शिकवी, ओरडे, शिव्या देई, पण पायाचा अंगठासुद्धा ओला होऊ देत नसे. लोक म्हणत, म्हाताऱ्याने पाण्याशी अबोला धरलाय.

आता उपांत्य फेरी. मोठ्या स्पर्धांच्या तलावात दहा लेन असतात, पण पोहणारे आठच. दोन्ही कडांच्या लेन मोकळ्या ठेवतात, पोहणाऱ्यांच्या लाटा तिथे विरून जाव्यात म्हणून. शिष्य पहिल्या लेनमध्ये होता. त्याच्या पलीकडे होती ती शून्य क्रमांकाची लेन, रिकामी. जाताना ती त्याच्या उजव्या हाताला होती आणि तिकडे त्याचं लक्षही गेलं नाही. पन्नास मीटरवर दोन्ही तळवे भिंतीला लावून तो वळला, आणि शून्य लेन डाव्या हाताला आली.

बटरफ्लाय पोहणाऱ्याला शेजारचं फारसं दिसत नाही. तोंड पाण्यात, श्वासापुरती हनुवटी वर, पुन्हा पाण्यात. तेवढ्या निमिषांत शिष्याला डावीकडे पाणी फुटताना दिसलं. दोन हात वर येत होते आणि पडत होते, अगदी त्याच्या लयीत. लाटा विरण्यासाठी ठेवलेल्या जागेतून एक लाट उलट त्याच्याकडे येत होती. औषध घातलेल्या त्या निळ्या, निर्मळ पाण्यात त्याच्या नाकातोंडात पुराच्या गाळाचा वास भरला. शेवटचे काही हात त्याने कसे मारले ते त्याचं त्यालाच आठवत नव्हतं. भिंतीला हात लागले तेव्हा एका पंचाने हात वर केला होता.

बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत, नाहीतर पोहणारा बाद. शिष्याचा डावा हात मागून आला, असा पंचाला संशय होता. बराच वेळ चित्रण तपासलं गेलं आणि संशयाचा फायदा मिळून शिष्य सातव्या क्रमांकाने अंतिम फेरीत गेला. सातव्याला लेन मिळते पहिली. म्हणजे पुन्हा तीच जागा, तेच रिकामं शेजारपण, आणि या वेळी हात मागे राहिला तर कोणी माफ करणार नव्हतं.

दुपारी वस्ताद खोलीत आला. संघाने दिलेला निळा ट्रॅकसूट त्याच्या अंगावर वाळत घातल्यासारखा लोंबत होता. शिष्याने सगळं सांगितलं. वस्ताद हसला नाही, रागावलाही नाही.

"डाव्या अंगाला हुता?" एवढंच त्याने विचारलं.

"व्हय वस्ताद. परतताना. मी न्हाई उतरत आज. त्यांना सांगा, पोराच्या पोटात दुखतंय."

"ऊठ," वस्ताद म्हणाला. "सरावाच्या तलावावर चल."

सरावाचा तलाव त्या वेळी जवळजवळ मोकळा होता. शिष्य काठावर थिजून उभा राहिला. आणि त्याच्या देखत वस्तादाने वरचं जाकीट काढलं, नीट घडी करून बाकावर ठेवलं, मनगटातलं घड्याळ त्यावर ठेवलं, आणि विजारीसकट तो पाण्यात उतरला. अबोला धरलेला म्हातारा गळ्याएवढ्या पाण्यात लेनची दोरी धरून उभा राहिला. दोरीवरची मूठ तो सैल करेना. पाणी हलतसुद्धा नव्हतं.

"ये," तो म्हणाला. "मला डाव्या अंगाला ठिवून पवत जा. डावा हात पुरा टाक. माझ्यावर पडला पायजे."

गुरूवर हात टाकायचा? पण वस्ताद पाण्यात आणि शिष्य कोरड्यावर, हे दृश्य शिष्याला भीतीपेक्षाही असह्य झालं. तो उतरला. पोहत आला, वस्तादाजवळून गेला, आणि त्याचा डावा हात वस्तादापासून वीतभर अलीकडे पडला.

"आखडला. परत."

पुन्हा आखडला. शिष्य चकित झाला, कारण त्याने तर हात पूर्ण टाकला होता, निदान त्याला तसं वाटलं होतं. खांदा जणू दुसऱ्याच कोणाचं ऐकत होता. एवढ्यात तलावावरचा रखवालदार शिट्टी फुंकत आला आणि म्हाताऱ्याकडे बोट दाखवून त्याच्या भाषेत बरंच काही बोलला. "आलो, आलो," असं शुद्ध मराठीत सांगून वस्तादाने त्याच्याकडे पाठ फिरवली. "मार, लेका! का मी मेल्यावर मारणार हाईस?"

त्या वेळी हात पडला. पूर्ण पडला, वस्तादाच्या तोंडावर. म्हाताऱ्याचा ओठ फुटला. शिष्य घाबरून थांबला, पण वस्ताद ओठावरचं रक्त तलावाच्या पाण्यानेच धुवत होता आणि त्याचा चेहरा मोकळा झाला होता.

काठावर बसल्यावर तो बोलला. "तुझा हात आखडतो, ह्ये काल वरनं बघताना मला कळलं. आखडाय मीच शिकिवलं तुला. जागा मी सोडाय लावली. लोक म्हणले, वस्तादानं पोराचा मान राखला. मान कसला? मी भ्यालो. त्याच्या जागी दुसरं पोर पवताना बघायचं धाडस न्हवतं मला. पोरा, रिकामी जागा रिकामी ऱ्हात न्हाई. आपलं भ्या तिथं जाऊन बसतं, आन् मग ते आपल्याच माणसाचं तोंड घेऊन येतं. दौलूनं जित्ता असताना कुणाला धरून बुडिवलं न्हाई. म्हैससुदिक काढली त्यानं. मेल्यावर तुझं मनगाट कशापायी धरंल?"

"म्हंजी काल तिथं कोण न्हवतं म्हणता?"

वस्तादाने पाण्याकडे पाहिलं. "त्ये मला ठावं न्हाई," तो म्हणाला. "आला तर येऊ दे. तू सरकू नगंस. हात पुरा टाक. लागला तर लागला."

संध्याकाळी अंतिम फेरी झाली. हजारो माणसं ओरडत होती, पण शिट्टी वाजल्यावर जी शांतता पसरली तीत शिष्याला शून्य लेनचं पाणी भिंतीवर हलकेच आपटताना ऐकू आलं. तिथे पाणी आपटण्याचं काही कारण नव्हतं. मग उडी पडली.

जाताना तो सहावा होता. वळला, आणि पहिल्याच श्वासाला गाळाचा वास आला. डावीकडे पाणी फुटलं. कालच्यापेक्षा जवळ. ते हात वर येत होते, पडत होते, आणि पाण्याखाली त्याच्या लाथेच्या जोडीने दुसऱ्या लाथेचा दणका त्याच्या बरगडीत उमटत होता. सारं अंग उजवीकडे सरकायला बघत होतं, आणि सरकलं असतं तर तिथेच सगळं संपलं असतं. शिष्याने डोळे मिटले आणि डावा हात टाकला, खांद्यापासून, पूर्ण, दोरीपर्यंत. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही. मोजायला त्याला सुचलं नाही. अचानक दोन्ही तळव्यांना एकदमच भिंत लागली.

त्याने वर पाहिलं. पंचाचे हात खाली होते. फलकावर त्याच्या नावापुढे तीनचा आकडा होता. शून्य लेनमधलं पाणी सपाट होतं, इतकं सपाट की वरचे दिवे त्यात न हलता दिसत होते.

पदक घेऊन शिष्य बाहेर आला तेव्हा वस्ताद बाहेरच्या वाटेवरच्या एका बाकावर बसला होता. ओठ सुजला होता. शिष्य पाया पडला, गळ्यातलं पदक वस्तादाच्या गुडघ्यावर टेकलं, पण म्हाताऱ्याने पदकाकडे बघितलं नाही.

"आला हुता?" त्याने विचारलं.

"आला हुता."

"फुडं का मागं?"

"बरोबरीनं, वस्ताद."

वस्तादाने शिष्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं. "हात लागला?"

"लागला."

"गार हुता का रं?"

"न्हाई," शिष्य म्हणाला. "ऊन हुता. पवणाऱ्याचा असतो तसा."

म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि दौलत गेल्यानंतर तो पहिल्यांदा रडला. शिष्य त्याच्या डाव्या बाजूला, अगदी खेटून बसून राहिला.

आता त्या घाटावर परतीच्या रांगेत कुठे मोकळी जागा सोडत नाहीत. शिष्याच्या डाव्या हाताला वस्ताद पोहतो. वयामुळे तो मागे पडतो, तेव्हा सगळी रांग त्याच्यासाठी हळू होते. एकमेकांचे हात एकमेकांना लागतात, आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही.