उभं राहून वाचायचा परिच्छेद

"आणि ज्यांना निकाल वाचता येत नाही, त्यांना तो सांगायचा कुणी, सर?"

मुजावर सरांनी पुढची शेंग उचलली. मांडीवर सूप घेऊन ते पावटे सोलत बसले होते. एक शेंग किडकी निघाली, ती त्यांनी बाजूला टाकली.

"तुम्ही मला एवढंच सांगा. मी करते ते चूक आहे का?"

"चूक कुठं म्हटलं मी," सर म्हणाले. "कशाला, एवढंच विचारलं."

प्राध्यापक हेमांगी साळोखे सरांच्या अंगणात वेताच्या खुर्चीत बसली होती. मिरजेच्या ज्या विधी महाविद्यालयात सरांनी उभा जन्म काढला, तिथंच ती आता शिकवत होती. दर शनिवारी संध्याकाळी कॉलेजच्या यूट्यूब वाहिनीवर तिचा कार्यक्रम असायचा, 'निकाल आणि आपण'. कोर्टाचा ताजा निकाल घ्यायचा आणि चार माणसांना कळेल अशा भाषेत त्याचा अर्थ सांगायचा. गावातला केबलवालाही तो दाखवायचा.

कार्यक्रम चांगला चालला होता. भाजीबाजारात बायका तिला ओळखायच्या, बसमध्ये कुणी सरकून जागा द्यायचं. तिला याचा आनंद होता, आणि आनंद लपवायची तिला सवय नव्हती.

त्या शुक्रवारी दुपारी ती आली होती ते सरांना आमंत्रण द्यायला. महिनाभरानं कार्यक्रमाला वर्ष होत होतं. सरांनी यावं, दोन शब्द बोलावेत, आणि त्यातला एखादा शब्द आपल्याबद्दल असावा, असं तिच्या मनात होतं. सरांनी मात्र 'कशाला' विचारलं आणि ती फुरंगटली.

सरांची ती खोड जुनी. ते कुणाची पाठ थोपटायचे नाहीत. त्यांच्या वर्गात निकाल मनात वाचायची बंदी होती, तो मोठ्यानं वाचायचा. वकिलाचं म्हणणं आलं की वाचणाऱ्यानं उभं राहायचं. न्यायाधीशांचं म्हणणं आलं की खाली बसायचं. कोर्टातही तसंच असतं, वकील उभा राहून बोलतो आणि न्यायाधीश बसून. एकेका निकालात विद्यार्थी इतक्यांदा उठायचे आणि बसायचे की सगळं कॉलेज त्या तासाला 'मुजावर सरांच्या उठाबशा' म्हणायचं. हेमांगीनंही त्या पुष्कळ काढल्या होत्या आणि घरी जाऊन पाय चेपले होते.

सरांच्या बायकोनं, भाभींनी, चहा आणून ठेवला. सरांचा बाजूला निवत राहिला.

हेमांगीनं बशीत चहा ओतला आणि गेल्या शनिवारचा किस्सा सांगायला घेतला.

सुनेच्या राहत्या घराच्या हक्काबद्दल वरच्या कोर्टाचा एक निकाल नुकताच आला होता. तिनं तो त्या शनिवारी कार्यक्रमात घेतला. सोमवारी गडहिंग्लजहून एका बाईंचा कॉलेजच्या फोनवर फोन आला. वैजयंता त्यांचं नाव. नवरा वारलेला, घर सासूच्या नावावर, सासू बाहेर काढते म्हणून त्यांनी कोर्टात अर्ज केलेला.

"त्या म्हणाल्या, ताई, तुमचं ऐकलं आणि मन हलकं झालं. सुनेला अर्ज करायची गरजच नाही असं कोर्टच म्हणतंय, तर मी कशाला म्हातारीशी कोर्टात भांडू? येत्या सोमवारी तारीख आहे, अर्ज मागं घेते." हेमांगीचे डोळे चमकले. "एका घरातलं भांडण मिटलं, सर. कशाला विचारलंत ना? याच्यासाठी."

सरांचा सोलता हात थांबला.

"निकाल आहे का जवळ?"

तो तिच्या पिशवीतच होता. त्यातला एक परिच्छेद तिनं मराठी करून पाठच केला होता. कार्यक्रमात तो म्हणताना तिचा स्वतःचाच गळा दाटून आला होता. लोकांनी तेवढा तुकडा कापून एकमेकांना पाठवला होता.

"वाच," सर म्हणाले.

ती खुर्चीत नीट सावरून बसली आणि तिनं वाचलं.

"घर ज्याच्या नावावर असेल त्याचं असेल. पण ज्या हातांनी त्या घरात रोज चूल पेटवली, त्या हातांचा तिथला हक्क कागदावर मागावा लागत नाही. तो चुलीइतकाच जुना आहे."

सर ऐकत होते. त्यांनी मान डोलावली.

"सुंदर आहे."

"आहे ना?"

"फार सुंदर आहे... उभी राहून वाच."

हेमांगी हसली. म्हातारपणी सरांना वर्गाची आठवण येते, असं तिला वाटलं. तिनं लाडानं सांगितलं की सर, हे कोर्टाचं म्हणणं आहे, हे बसूनच वाचायचं.

"इतकं गोड बोलणारा माणूस काहीतरी मागायला आलेला असतो," सर म्हणाले. "मागचं पान काढ."

तिनं मागचं पान काढलं. मग त्याच्या मागचं.

...

तिथं एक साधी ओळ होती. सुनेच्या वतीनं विद्वान वकिलांनी पुढीलप्रमाणे युक्तिवाद केला. तो युक्तिवाद तिथून सुरू होऊन पुढची कित्येक पानं चालला होता. चूल, हात, हक्क, सगळं त्यात होतं. तिला कुणीतरी मोबाइलवर नेमकं मधलं पान पाठवलं होतं. ते वाचून ती इतकी हरखली की पूर्ण निकाल हातात आल्यावर तिनं पुढचं नुसतं वरवर चाळलं आणि मागचं राहून गेलं.

कायदा शिकणाऱ्या पहिल्या वर्षाच्या पोरांकडून ही चूक होते. सरांच्या उठाबशा त्याचसाठी असायच्या.

हेमांगी उभी राहिली. या खेपेला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"शेवटी कोर्ट काय म्हणतं?" सरांनी विचारलं.

तिनं शेवटची पानं उलटली. वाचता वाचता ती नकळत खाली बसली, कारण ते न्यायाधीशांचं होतं. कोर्टाचं बोलणं अगदी रुक्ष होतं. सुनेला राहत्या घरात संरक्षण आहे. मात्र त्यासाठी तिनं अर्ज करायला हवा. प्रत्येक घराची परिस्थिती पाहून कोर्ट ठरवील.

"म्हणजे अर्ज मागं घेतला, तर संरक्षणही गेलं," ती म्हणाली.

अंगणात भाभींची कोंबडी टरफलं उकरत होती.

मग हेमांगीनं एकदम फोन काढला आणि कॉलेजच्या कचेरीत लावला. त्या बाईंचा नंबर कुणी लिहून घेतला होता का? नव्हता. आडनाव? तेही नाही. गडहिंग्लजच्या वैजयंताबाई, एवढंच. मग तिनं प्राचार्यांना फोन लावून सगळं सांगितलं. ते समजूतदार गृहस्थ होते. त्यांनी तिला धीर दिला, चूक माणसाकडूनच होते म्हणाले, आणि तो व्हिडिओ गुपचूप काढून टाकू म्हणाले. पुढच्या महिन्यात तपासणी समिती येणार होती. उगाच गाजावाजा कशाला?

हेमांगीनं फोन खाली ठेवला. तिला रडू येत होतं आणि ती ते दाबत होती.

"व्हिडिओ काढला तर त्या बाईंना कसं कळणार? त्यांनी तो बघून झालाय." ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलली. "आणि त्यांनी निदान फोन केला. ज्यांनी केलाच नाही, त्या किती असतील कुणास ठाऊक."

सरांनी सूप खाली ठेवलं. ही मुलगी त्यांना फार आवडायची. वर्गात होती तेव्हाही चुकली की आधी चिडायची आणि मग खरं बोलायची.

"उद्या शनिवार," सर म्हणाले.

"हो." तिनं डोळे पुसले. उद्याचा विषय भाडेकरूंचा होता. तो बोलून झाला की शेवटी जाता जाता दोन वाक्यांत दुरुस्ती सांगून टाकते, असं ती म्हणाली. पुष्कळ जण असंच करतात. कुणाच्या लक्षातही येत नाही.

"चूक जाता जाता केली होतीस?"

...

"नाही," ती म्हणाली. "गळा दाटून केली होती."

सर हसले. तीही हसली, ओल्या डोळ्यांनी. भाभी आतून बाहेर डोकावल्या आणि काही न विचारता परत गेल्या.

जायला निघताना ती फाटकापाशी थांबली.

"सर, उद्या ते उभं राहून सांगू की बसून?"

"निकाल द्यायचाय की काही मागायचंय?"

तिनं फाटकाची कडी काढली. "मागायचंय."

सर पुन्हा पावट्यांकडे वळले.

शनिवारी संध्याकाळी सर आणि भाभी टीव्हीपुढे बसले. एरवी सर हा कार्यक्रम बघायचे नाहीत, असं हेमांगीला वाटायचं. खरं म्हणजे त्यांनी एकही चुकवला नव्हता.

कॉलेजच्या त्या छोट्या खोलीत कॅमेरा एका तिवईवर घट्ट बसवलेला असायचा. ग्रंथपाल तो सुरू करायचे आणि चहाला निघून जायचे. हेमांगी खुर्चीत बसली, नमस्कार केला, आणि मग उभी राहिली.

पडद्यावरून तिचा चेहरा गेला. निळ्या साडीच्या निऱ्या, खुर्चीची पाठ आणि कागद धरलेले हात एवढंच दिसत राहिलं. तिचा आवाज स्पष्ट येत होता.

गेल्या शनिवारी मी तुम्हाला वकिलांचं म्हणणं कोर्टाचं म्हणून सांगितलं, असं ती म्हणाली. ते चुकीचं होतं आणि चूक माझी आहे. गडहिंग्लजच्या ज्या ताईंनी फोन केला होता, त्यांनी अर्ज मागं घेऊ नये. आणखी कुणी माझं ऐकून काही ठरवलं असेल, तर त्यांनी आधी आपल्या वकिलाला भेटावं. मग तिनं कोर्टाचं खरं म्हणणं वाचलं, तेवढ्यापुरती खुर्चीत बसून. चेहरा पडद्यावर आला. वाचून झालं आणि ती पुन्हा उठली. चेहरा गेला.

भाभी हसू लागल्या. ही पोरगी उठाबशा काढतेय काय, असं त्यांनी विचारलं. सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिले.

भाडेकरूंचा विषय त्या दिवशी राहूनच गेला.

मंगळवारी हेमांगी पेढे घेऊन अंगणात हजर झाली. वैजयंताबाईंचा फोन आला होता. त्यांनी शनिवारी कार्यक्रम बघितला होता आणि अर्ज तसाच ठेवला होता. सोमवारी कोर्टानं सासूला पुढच्या तारखेपर्यंत सुनेला बाहेर काढायची मनाई केली होती. त्या रात्री दोघींनी एकाच चुलीवरचं जेवण जेवलं, अबोल्यानं का होईना. हेमांगीनं या खेपेला त्यांचा नंबर लिहून घेतला होता.

प्राचार्य एक दिवस घुश्शात होते. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं की पुढच्या वर्षी तो उठाबशांचा तास वेळापत्रकात घेता येईल का. हे सांगताना हेमांगी पोट धरून हसत होती. सरांनी एक पेढा भाभींसाठी बाजूला ठेवला.

"पण एक घोटाळा झालाच, सर," ती म्हणाली. "कॅमेऱ्याचं माझ्या ध्यानातच आलं नाही. सगळा वेळ माझा चेहराच दिसला नाही."

सरांनी पेढ्याचा अर्धा तुकडा मोडून तिच्या हातावर ठेवला.

"म्हणून तर नीट ऐकू आलं."