शून्य अनुभवाच्या बाई

टेकाडेबाईंना विद्यापीठ दर जुलैत तासिका तत्त्वावर नेमायचं आणि मार्च संपला की घरी पाठवायचं. अशी सोळा वर्षं त्यांनी बी.एस्सी.च्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवलं. सतराव्या वर्षी एकदाची कायमची जागा निघाली.

मुलाखतीत कुलगुरूंनी त्यांची फाइल न उघडताच बाजूला सारली. "तासिकांचा अनुभव आम्ही धरत नाही, बाई. नियमाने तुमचा अनुभव शून्य. आता हे विषयतज्ज्ञ दोन प्रश्न विचारतील, तेवढी उत्तरं द्या आणि निघा."

बाईंनी तज्ज्ञांकडे पाहिलं. "कोठेकर, तुम्हाला तिन्ही वर्षं भौतिकशास्त्र कोणी शिकवलं?"

कोठेकरांची मान खाली गेली. "तुम्हीच, मॅडम."

"सर," बाई कुलगुरूंना म्हणाल्या, "माझी ती वर्षं शून्य, तर यांचं शिक्षणही शून्य. मग हे माझी परीक्षा कशी घेणार? एकतर माझी सोळा वर्षं धरा, नाहीतर यांना उठवा."

 कोठेकर स्वतःच उठले आणि बाहेर गेले. तज्ज्ञाविना मुलाखत होत नाही. ती रद्द झाली, पाठोपाठ जागाही.

जुलैत बाईंना पुन्हा तेच तासिकांचं पत्र आलं. त्यांनी मुकाट्याने सही केली, वर्गात जाऊन खडू उचलला. पुढचा तज्ज्ञ घडवायचा होता.