बोरखिंडीचा ढग

एका राज्यात ढग पाळत असत. डोंगरमाथ्यावर त्यांचा गोठा होता. ज्या गावाची पाळी, तिकडे मेघपाल ढग हाकी.

एकदा सोमदत्त मेघपालाने राजाच्या धाकाने पाळी मोडली, ढग राजबागेवर सोडला. गोठ्याची जादूगारीण कडाडली, "जे 'नाही' तू गिळलेस, तेच कोणी तुला ऐकवील तेव्हा सुटशील!" सोमदत्ताचा चातक झाला, ढगांचे दगड झाले. एकच ढग उरला. पुन्हा पाळी मोडली, तर तोही दगड होणार होता.

पाळी बोरखिंडीची होती. तिथल्या विहिरी आटल्या होत्या. नवी मेघपाल कुमुदा ढगाला दोरी बांधून निघाली. खांद्यावर तिचा गुरू, चातक झालेला सोमदत्त, बसला.

वाटेत सेनापती आडवा आला. "पोरी, आमच्या आमराईवर चार थेंब शिंपड. ही माणकाची अंगठी घे."

कुमुदा घाबरली. "गुरुजी, काय करू?"

"बोरखिंडीच्या पारावर उभी राहून हे सांगशील?" चातकाने विचारले.

"छे!"

"मग 'नाही' तूच म्हण. मी खांद्यावरून हलत नाही."

ती चिरक्या आवाजात म्हणाली, "नाही."

"पाखराच्या अकलेने राज्य चालते होय?" सेनापती गुरगुरला.

"राज्याचे ठाऊक नाही," चातक म्हणाला, "ढग चालतो."

पुढे राणीची पालखी थांबली. "कुमुदे, तुला हे काम मी दिले. माझी कमळे सुकली गं."

या वेळी कुमुदेने स्वतःलाच पाराचा प्रश्न विचारला. "राणीसाहेब, तळ्याची पाळी आली की मी स्वतः ढग आणीन. आज नाही." राणी फुगली, पण पालखी बाजूला झाली.

बोरखिंड दिसू लागली. चातकाची चोच कोरडी पडली होती. ढगाखेरीज दुसरे पाणी त्याला चालत नसे. तो पुटपुटला, "कुमुदे, एकच थेंब. कोणाला कळणार आहे?"

कुमुदेचे डोळे भरले. "गुरुजी, पारावर उभे राहून मागाल?"

चातकाने चोच पिसांत खुपसली.

"मग नाही. पण मी खांदा काढून घेत नाही."

चातक आधी लाजला, मग हसला. इतका हसला की पिसे झडली. कुमुदेच्या खांद्यावर अचानक एक जाडजूड म्हातारा बसलेला! दोघे उतारावरून गडगडत थेट पाराशी पोचले, आणि दोरीला बांधलेला ढगही मागोमाग आला.

बोरखिंड न्हाली. सोमदत्त सर्वांमागे रांगेत उभा राहून ओंजळभर प्याला. डोंगरावरचे दगड हलके होऊन तरंगू लागले.

तेव्हापासून ढग पाळीने जातात. कुमुदा अडली की गुरुजींना विचारते, गुरुजी अडले की कुमुदेला. फक्त आता ते शेजारून चालतात; खांद्यावर मावत नाहीत.